खुले इंजिन, बंदिस्त आशय

‘डूम’ (१९९३) या संगणकीय खेळाच्या इंजिनाचा सोर्स कोड इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आणला. खेळातील पातळ्या, चित्रे व ध्वनी यांची मालकी मात्र कंपनीने स्वतःकडेच ठेवली. यंत्रणा सर्वांची, आशय एकाचा, ही विभागणी आज स्वाभाविक मानली जाते. रूप आणि आशय यांचे अद्वैत गृहीत धरणाऱ्या समीक्षेने ती तपासून पाहावयास हवी, आणि त्यासाठी सांगलीच्या रंगभूमीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. सूत्रधाराचे पदगायन, विदूषकाचा प्रवेश, देवदेवतांची स्तवने ही त्या खेळाची चौकट. आळतेकर, इचलकरंजीकर आदी मंडळींनी ती उचलली. चौकटीवर कोणाचा हक्क असतो ही कल्पनाच तेव्हा नव्हती. पदे भाव्यांची होती, आणि १८८५ मध्ये ती ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणून त्यांच्या नावावर छापली गेली. परंतु पदांच्या मधले भाषण नट आयत्या वेळी करीत. ते चौकटीत मोडत नाही आणि संहितेतही नाही. प्रेक्षक ज्यात रमत त्याचा मोठा भाग असा कागदाबाहेर, म्हणून मालकीबाहेरही राहिला. इंजिन आणि आशय यांमधील रेषा वस्तूच्या स्वरूपातून निघत नाही, ती लेखनाने आखली जाते, हे येथे उघड होते.

लावणीत मालकीची रीत वेगळी आहे. रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव; तेव्हा सातारा जिल्ह्यातले, आज सांगली जिल्ह्यातले. शेवटच्या चरणातील नाममुद्रा रचनेबरोबर फडाफडांतून फिरते. ती कोणाला गाण्यास मज्जाव करीत नाही, फक्त कर्ता विसरू देत नाही. परवान्याहून ही तरतूद उदार खरी (खुल्या प्रणालीच्या पुरस्कर्त्यांना ती आवडावी), पण तीही अपुरीच. बापूरावांची लावणी लोकांपुढे गेली ती पवळाबाई हिवरगावकरांच्या गळ्यातून आणि अदेतून. मुद्रेत नाव कुलकर्ण्यांच्या घरातल्या कवीचे; महार समाजातील पवळाबाईंच्या वाट्याला चरण नाही.

‘फ्रीडूम’ या प्रकल्पाने ‘डूम’च्या बंदिस्त आशयाऐवजी स्वयंसेवकांची चित्रे, ध्वनी व पातळ्या घातल्या, आणि त्यांची नावे श्रेयसूचीत नोंदविली. १८८५ च्या संग्रहात सीतेचे भाषण बोलणाऱ्या नटाचे एक वाक्यही नाही.