काम छान करतो

१९८४ सालच्या ऑगस्टअखेरीस मी अमेरिकेला गेलो, तो अमेरिका पाहायला नव्हे. ताईने बोलावले म्हणून. तिकीट भाऊजींनी पाठवले होते. त्यामुळे न्यू जर्सीतल्या त्यांच्या घरी पहिले आठ दिवस मी भाऊजींच्या प्रत्येक मताला मान डोलावत होतो. त्यांची मते पुष्कळ होती आणि त्यांतली बहुतेक रोनाल्ड रेगनविषयी होती. नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि रेगनसाहेब दुसऱ्यांदा उभे होते.

"माणूस काम छान करतो," भाऊजी म्हणाले.

आता आपल्या मराठीत या वाक्याची मोठी गंमत आहे. आपला पोस्टमन काम छान करतो आणि नाटकातला नटही काम छान करतो. पन्नासेक चित्रपटांतून चमकून गेलेल्या अध्यक्षाविषयी बोलताना भाऊजींच्या मनात यांतला कोणता अर्थ होता, हे मी विचारले नाही. तिकिटाचे पैसे त्यांचे होते.

पण गणपतीत तिथल्या मराठी मंडळींच्या जमावात गेलो आणि लक्षात आले, की हा घोटाळा एकट्या भाऊजींचा नाही. अध्यक्षांनी नुकताच एक पराक्रम केला होता. ११ ऑगस्टला रेडिओवरच्या भाषणाआधी ध्वनिक्षेपकाची चाचणी चालू असताना त्यांनी थट्टेने जाहीर केले, की रशियाला कायमचे बेकायदा ठरवले आहे आणि पाच मिनिटांत बाँबफेक सुरू होईल. बटाटेवड्याच्या रांगेत यावर कडाक्याची चर्चा झाली. एक पक्ष म्हणाला, "काय टायमिंग आहे हो!" दुसरा म्हणाला, "शोभतं का हे या वयाला?" अमेरिकेची नवी क्षेपणास्त्रे १९८३च्या नोव्हेंबरापासून पश्चिम जर्मनीत खरोखरच येऊन बसू लागली होती. ती कोणाच्याच वड्याच्या आड आली नाहीत.

तुम्ही म्हणाल, भक्तांचे असेच असते. अहो, पण विरोधकांचेही तेच! तिथे एक प्राध्यापक होते. रेगन या नावानेच त्यांचा रक्तदाब वाढे. त्यांचे आरोपपत्र मी लक्षपूर्वक ऐकले. कलमे अशी: बैठकीत डुलक्या घेतो, कार्डावर लिहून दिलेले वाचतो, बरणीतल्या जेलीच्या गोळ्या खातो, केस रंगवतो. हे सगळे खरे धरले, तरी यात आमच्या आळीतले निम्मे पेन्शनर बसतात. सर्वांत वरच्या थरावरचा आयकर १९८१च्या कायद्याने सत्तर टक्क्यांवरून पन्नासवर आला, त्याबद्दल प्राध्यापकांची तक्रार नव्हती. भाऊजींची तर नव्हतीच.

धोरणावर एकदाच बोलणे झाले, तेही ताईकडून. १९८१ साली शाळांतल्या जेवणाचा खर्च कमी करायचा म्हणून तिथल्या कृषिखात्याने नियमांचा मसुदा काढला. त्यात टोमॅटोचे केचपही भाजीत धरता येईल अशी सोय होती. ओरड झाली तेव्हा तो मागे घेतला. ताई म्हणाली, "म्हणजे पानात चटणी वाढायची आणि कोशिंबीर झाली म्हणायचं!" सगळे हसले. ज्या पोरांच्या पानातली कोशिंबीर जाणार होती ती तिथे नव्हती, म्हणून हसायला अडचण नव्हती.

मीही हसलो. इतकेच नव्हे, तर रेगनचे विनोद मी वहीत उतरवून घेऊ लागलो. त्यांतला माझा आवडता, गोळीचा. ३० मार्च १९८१ला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडल्यापडल्या या गृहस्थाने सर्जन मंडळींना विचारले, की तुम्ही सगळे आमच्याच पक्षाचे आहात ना? छातीत गोळी असताना! आमच्याकडे साधा दात काढताना माणूस विष्णुसहस्रनाम म्हणतो.

हा विनोद एका सकाळी मी कुंपणावरून शेजारच्या गृहस्थांना सांगितला. ते खिळे-स्क्रूच्या दुकानात काम करीत. माझ्या इंग्रजीतूनही विनोद त्यांच्यापर्यंत पोचला आणि ते मनापासून हसले.

"सांगतो फार छान," ते म्हणाले. "१९८० साली मी त्यालाच मत दिलं. आमच्या संघटनेनंच पाठिंबा दिला होता. आम्हाला मात्र त्यानं विनोद सांगितला नाही. कागद वाचून दाखवला."

गृहस्थ पूर्वी विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमाने उतरवीत. ३ ऑगस्ट १९८१ला देशभरच्या सुमारे १३,००० विमान नियंत्रकांनी पगार आणि कामाचे तास यांसाठी संप केला. सरकारी नोकरांना तिथे संपाची बंदी, तशी लेखी कबुलीही दिलेली. रेगननी ती कबुली वाचून दाखवली आणि ४८ तासांची मुदत दिली. मुदत संपल्यावर ११,००० हून अधिक लोकांना काढून टाकले, वर सरकारी नियंत्रकाची नोकरी पुन्हा मिळायची नाही अशी बंदी घातली. विशेष म्हणजे हेच रेगन १९६० साली नटांच्या संघटनेचे अध्यक्ष असताना संपाचे पुढारी होते.

कायदा सरकारच्या बाजूने होता, हे खरे. शिक्षा फार झाली, असेही म्हणता येईल. यावर दोन्ही बाजूंनी रात्रभर भांडता येईल. पण माझ्या मुक्कामात हे भांडण मी एकदाही ऐकले नाही. मी वहीत उतरवून घेतलेल्यांतही ते नव्हते.

"मग या वेळी मत कोणाला?" मी विचारले.

ते थोडा वेळ गवत कापायच्या यंत्राशी खटपट करीत राहिले. मग म्हणाले, "पंचाईत अशी आहे, की माणूस मला अजून आवडतो."

मी ऑक्टोबरात परतलो. नोव्हेंबरात निकाल वाचला: पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये रेगनच्या पदरात. शेजाऱ्यांनी काय केले ते कळले नाही. नियंत्रकांवरची बंदी क्लिंटननी १९९३ साली उठवली, तेव्हा ताईने लिहिले, की शेजारचे घर विकून ते कधीच दुसरीकडे गेले. रेगन १९८९ साली पायउतार झाले तेव्हा देशावरचे कर्ज आठ वर्षांत जवळजवळ तिप्पट झाले होते. भाऊजींचा कर वाचला तो कुठून, याचा थोडा उलगडा मला तेव्हा झाला.

माझ्या वहीचे मात्र चीज झाले. रेगनच्या विनोदांवर मी पुण्यात वर्षभर लोकांकडे फुकट चहा प्यालो. शेजाऱ्यांची हकिगत फक्त एकदा सांगितली. मंडळी ऐकून गप्प बसली. कोणीतरी पंखा वाढवला. मग एकजण म्हणाला, "ते गोळीचं सांगा ना पुन्हा!"

मी सांगितले. छातीवर हात ठेवून, डोळे किलकिले करून, सर्जनकडे पाहत. हशा झाला. कपबशा उचलताना यजमान बायकोला म्हणाले ते मी ऐकले,

"काम छान करतो हं!"