हॅलोवीनच्या ताटातली उकड

उकडीच्या मोदकाला काळ्या मनुकेच्या तुकड्यांचे दोन डोळे लावले की पांढरी चादर पांघरलेलं भूत तयार होतं. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आता ३१ ऑक्टोबरला ही भुतं मोदकपात्रातून बाहेर येतात, आणि ती वळलेली असतात इथे अमेरिकेतच जन्मलेल्या, इथल्या शाळेत जाणाऱ्या मुलांनी. स्मरणिकेत दरवर्षी नाटकांविषयी, गाण्यांविषयी, ढोल-लेझीमविषयी लिहिलं जातं, आणि ते लिहिलंच पाहिजे. मला यंदा या भुतांच्या पंगतीविषयी लिहायचं आहे. मोदक वळण्याची कला इथली मुलं कुठे शिकतात, हे मी याच जेवणात पाहिलं.

गणेशचतुर्थी बहुधा कामाच्या दिवशी येते. कुणी अर्धी रजा काढलेली असते, आरतीची वेळ ठरलेली असते, नैवेद्याचे एकवीस मोदक नीट व्हायला हवे असतात. मुलाच्या हातातली पारी फाटली की आई किंवा आजी ती हळूच काढून घेते आणि स्वतः सावरते. त्यात कुणाचा दोष नाही. देवाच्या ताटात वेडावाकडा मोदक ठेवायला मन धजत नाही. पण हात बसतो तो वेडेवाकडे मोदक केल्यानेच. हॅलोवीनच्या ताटात मान मोडलेलं, एका बाजूला कललेलं, पोटातून सारण डोकावणारं भूतच जास्त भेसूर दिसतं, म्हणून मुलांच्या हातातून काही काढून घ्यावं लागत नाही. पहिल्या वर्षी तीन जाड चुण्या पडतात. दोन-तीन वर्षांनी तीच मुलगी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत पाकळ्या काढताना दिसते, आणि पुढच्या चतुर्थीला नैवेद्याचे मोदक तिच्याकडे सोपवले जातात. हे मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे.

उकड मात्र मोठ्यांनीच काढायची. थाई दुकानातलं बारीक तांदळाचं पीठ चांगलं चालतं. फक्त चिकट तांदळाचं पीठ घेऊ नये. ऑक्टोबरअखेर घरात हीटर सुरू झालेला असतो, हवा कोरडी होते आणि मळलेली उकड बघता बघता वरून सुकते. मग पारीला भेगा पडतात आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. गोळ्यावर ओलं फडकं हवं, आणि प्रत्येक मुलापुढे तेल-पाण्याची वाटी. सारणात चमचाभर बीटाचा रस घालून ते परतून कोरडं केलं, तर भुताला चावा घेताच आतून लाल निघतं. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर मळून निवगऱ्या करायची आपली जुनी रीत आहे. मुलं त्याच उकडीची हाडं वळतात, दोन्ही टोकांना गाठी काढून. निवगरी हा पदार्थ पुण्या-मुंबईच्या घरांतूनही मागे पडत चालला आहे. इथे तो हाडांच्या रूपात का होईना, दरवर्षी होतो, आणि दह्याबरोबर फस्त होतो.

बाकीचं ताटही आपल्याच स्वयंपाकघरातलं असतं. घावनाचं पीठ नेहमीपेक्षा थोडं दाट ठेवून चोचीच्या बाटलीतून तापल्या तव्यावर रेघा सोडल्या की कोळ्याचं जाळं होतं. मालवणी घरात काळ्या वाटाण्याची आमटी असते. तिला भीतिदायक करण्यासाठी काहीच घालावं लागत नाही. सोलकढीचा रंग मुलांना पुरेसं बोलून जातो. केशरी ढोबळ्या मिरच्यांना डोळे-दात कोरून आत मसालेभात भरतात. कडबोळ्यांचं पीठ वेटोळं न करता बोटासारखं लांब वळायचं आणि टोकाला बदामाची पाकळी नख म्हणून खोल रुतवायची, नाहीतर तळताना ती सुटते.

भोपळ्याविषयी एक सूचना. दारात कोरून ठेवायचा भोपळा पाणचट आणि धागेदार असतो, त्याचे घारगे चांगले होत नाहीत. डब्यातला भोपळ्याचा गर घ्यावा. तो शिजलेलाच असतो. गूळ घालून गरम करायचा आणि मावेल तेवढी कणीक, पाण्याचा थेंबही न घालता. घारगे त्या रात्री तर खाल्ले जातातच, दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यातही जातात.

हा दुसऱ्यांचा सण आपण का घ्यावा, असं काही ज्येष्ठ विचारतात. प्रश्न आदराने घ्यायला हवा. पण हॅलोवीन अमेरिकेतही बाहेरूनच आलेला आहे. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथून आलेल्या माणसांना इथे मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला. तिकडे त्या रात्री बारमब्रॅक नावाच्या गोड पावात अंगठी लपवतात, ज्याच्या वाट्याला ती येईल त्याचं लग्न ठरणार म्हणतात. परमुलुखात आपला सण जपणाऱ्या माणसांनीच हा दिवस इथे रुजवला. आणि भीतीशी खेळणं आपल्याला कुठे नवं आहे? गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रभर अक्राळविक्राळ नरकासुर उभे राहतात, पहाटे जाळले जातात आणि मग घरोघरी तऱ्हेतऱ्हेचे पोहे होतात. आपण अंगठ्याखाली कारीट फोडतो. २०२४ साली तर दिवाळी ऐन ३१ ऑक्टोबरलाच आली होती. कितीतरी घरांत पणती आणि कोरलेला भोपळा एकाच उंबऱ्यावर होते.

एक मर्यादा मात्र मी पाळते. पितृपक्षातलं काही या ताटात येऊ नये: भाताचे पिंड नकोत, कावळा नको. आपल्या माणसांची आठवण वेगळी आणि पिंपळावरचा मुंजा वेगळा. मुंजा, चकवा, हडळ, खवीस यांना मात्र मोकळं आमंत्रण असावं. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना मोदक वळता वळता त्यांच्या गावच्या गोष्टी सांगायला लावा. आरवलीच्या वेतोबाला भक्त चपला आणि केळ्यांचा घड वाहतात हे ऐकून आमच्याकडच्या मुलांनी त्याच रात्री भुतांच्या ताटाशेजारी केळी ठेवली. गोष्टी मराठीत चालतात, आणि पारी, सारण, चुणी, उकड हे शब्द पुस्तकाशिवाय तोंडात बसतात.

यंदा ही पंगत घालणार असाल, तर ती मुलं चॉकलेटं मागायला बाहेर पडण्याआधी, पाचच्या सुमारास घाला; परत आल्यावर त्यांच्या पोटात जागा उरत नाही. शेजारच्या एका अमेरिकी मुलालाही बोलवा. आणि ज्यांना कळीदार मोदक येतो त्या मंडळातल्या काकू-मावश्यांना माझी विनंती आहे: त्या संध्याकाळी एका तरी घरी जा, मुलांमध्ये बसा, आणि त्यांचे मोदक सरळ करू नका.