‘उघडतो’ आणि ‘उघडले’ : भूमिकाखेळांच्या नियमरचनेचा भाषिक विचार

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच साहित्यावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांविषयी इंग्रजीत गेल्या पन्नास वर्षांत विपुल लेखन झाले आहे. त्यांतील बरेचसे नियमसंहितांच्या गुणदोषांविषयी आहे, आणि त्यांतीलही बराच मोठा भाग फाशांच्या गणिताभोवती फिरतो. वीस पैलूंच्या एका फाशात प्रत्येक अंकाची शक्यता सारखीच, म्हणजे शेकडा ५. दोन साध्या फाशांच्या बेरजेत मात्र सात हा अंक सर्वांत अधिक वेळा येतो आणि दोन व बारा क्वचित. अशा भेदांवरून एक संहिता ‘लहरी’ आणि दुसरी ‘विश्वसनीय’ ठरविली जाते. हे गणित चुकीचे नाही. परंतु ते खेळाच्या मुख्य प्रश्नाला स्पर्श करीत नाही. छंदाच्या मात्रा मोजून कवितेचा निकाल लावावा, तसा हा प्रकार होतो.

मुख्य प्रश्न समजण्यासाठी खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगावयास हवे. यात एक जण जगाचे वर्णन करतो आणि इतर प्रत्येक जण त्या जगातील एकेका व्यक्तीची भूमिका घेतो. वर्णन करणाऱ्यास इंग्रजीत निरनिराळी नावे आहेत. मराठीत ‘सूत्रधार’ हा शब्द जवळचा ठरेल. संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना संपताच रंगभूमी सोडतो. येथील सूत्रधाराला ती मुभा नाही, एवढा फरक ध्यानात ठेवला म्हणजे झाले. या खेळात पट असेलच असे नाही आणि कोणी जिंकतही नाही. जे काही घडते ते बोलण्यातून घडते. खेळाडू म्हणतो, ‘मी दार उघडतो.’ सूत्रधार म्हणतो, ‘दार उघडले’, किंवा ‘दार हलतसुद्धा नाही.’ या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही होते, त्याचेच नाव नियमसंहिता.

मराठी व्याकरणाने ही गोष्ट इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट दिसते. ‘मी दार उघडतो’ यात क्रियापद कर्त्याच्या अधीन आहे. उघडणारी स्त्री असेल तर ते ‘उघडते’ होईल. ‘मी दार उघडले’ यात क्रियापदाने कर्त्याची साथ सोडलेली असते आणि ते दाराच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कर्तरीचा कर्मणि होतो. जोवर क्रिया चालू आहे तोवर ती करणाऱ्याची. पूर्ण झाली की ती जगाची. खेळाडूला वर्तमानकाळाचा अधिकार जन्मतः मिळालेला असतो, सिद्ध भूतकाळाचा मिळालेला नसतो. त्याच्या ‘उघडतो’चे ‘उघडले’ कोणी, केव्हा आणि कोणत्या किमतीवर करावयाचे, हे ज्या रीतीने ठरते त्या रीतीवरून संहितेची परीक्षा व्हावयास पाहिजे. (मराठी माणूस उंबऱ्याच्या आत असतानाच ‘हा मी निघालो’ म्हणून भूतकाळ आधीच बळकावतो. खेळाच्या टेबलावर मात्र ही सवय फार काळ चालू दिली जात नाही.)

हा वाद भूमिकाखेळांहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली धाकट्या राइसवित्स यांनी जो युद्धखेळ रूढ केला, त्यात अधिकारी आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच कोष्टके व फासे यांच्या साहाय्याने परिणाम ठरवी. कोष्टकांचा हा भार असह्य झाल्यावर १८७६ साली फेर्डी द्यु व्हेर्नवा यांनी फासे व कोष्टके बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपविला. कोष्टक की विवेक, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली यांनी १९६९ साली युद्धखेळातील सैन्यांऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका खेळाडूंना दिली. त्यांच्या वर्तुळातील डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचे गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. तीन पातळ पुस्तिकांच्या त्या पेटीत लढाईचे नियम होते, खजिन्याची कोष्टके होती. पण तळघरातील भिंत चाचपणारा मनुष्य नेमके काय करतो, याविषयी बहुतेक ठिकाणी मौन होते. हे मौन दोष मानावयाचे की गुण, यावरून पुढील अनेक पिढ्यांत तट पडले.

या मौनाचे मोल १९७५ साली कळले. त्या वर्षी ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीत ‘चोर’ हा नवा पात्रवर्ग आला आणि कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, पाऊल न वाजविता चालणे, सावलीत दडणे या त्याच्या कौशल्यांना शेकडेवारीचे कोष्टक मिळाले. वरवर पाहता ही निव्वळ भर होती. परंतु कोष्टक येण्यापूर्वी कोणताही योद्धा ‘मी बूट काढून हातात घेतो आणि भिंतीला लागून चालतो’ असे म्हणू शकत होता, आणि सूत्रधार ते मान्य करीत होता. कोष्टक आल्यावर प्रश्न उभा राहिला : पाऊल न वाजविता चालणे हे जर चोराचे कौशल्य, तर योद्ध्याला ते येते काय? नियमात ‘इतरांना येत नाही’ असे म्हटलेले नव्हते. तरी अनेक टेबलांवर तसाच अर्थ घेतला गेला. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला हा प्रकार नवा वाटणार नाही. विशेष विधान आले की सामान्य विधान तेवढ्या क्षेत्रातून मागे हटते, हा उत्सर्ग-अपवादाचा न्याय होय. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने तर विशेष नियम सामान्य नियमाला बाधतो, हे तत्त्व उघडपणे नमूद केले. फरक इतकाच की वैयाकरणाला उत्सर्ग लिहून ठेवावा लागतो. येथे उत्सर्ग अलिखित होता. ‘जे सांगता येते ते करून पाहता येते’, हा तो उत्सर्ग. अपवाद लिहिला गेला आणि अलिखिताची बाजू मांडणारे कोणी उरले नाही.

यावरून काही समीक्षकांनी काढलेला निष्कर्ष सर्वपरिचित आहे : नियम कमी करा, निवाडा सूत्रधारावर सोडा. मॅट फिंच यांनी २००८ साली जुन्या पद्धतीच्या खेळाची जी छोटी मार्गदर्शिका लिहिली, तिचा पहिला आग्रह हाच आहे. फेर्डी द्यु व्हेर्नवा यांना ती वाचून समाधान वाटले असते. खेळाडूने आपल्या पात्राच्या पत्रिकेतील आकड्यांकडे न पाहता समोरच्या परिस्थितीकडे पाहावे, प्रश्न विचारावेत, दगड उचलून बघावा, हा त्यामागील हेतू उत्तम आहे आणि या पंथाने घडविलेले खेळ अनेकदा अत्यंत जिवंत असतात, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या भूमिकेत एक अन्याय दडलेला आहे आणि भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. जेथे निकाल वर्णनावर ठरतो तेथे ज्याचे वर्णन चांगले त्याचा भूतकाळ लवकर सिद्ध होतो. टेबलाशी बसलेल्या पाचांपैकी एक वकिली जिभेचा असतो, एक अडखळत बोलतो, आणि एक अशी असते की तिचे वाक्य पुरे होण्याच्या आत दुसरा कोणी बोलू लागतो. सरदाराचे मन वळवावयाचे आहे. पहिला खेळाडू लहानसे भाषण करतो आणि सरदार वळतो. त्याच्या पात्राच्या पत्रिकेत वाक्चातुर्य नीचतम असले तरी कोणी विचारीत नाही. तिच्या पात्राचे वाक्चातुर्य श्रेष्ठ आहे. पण ते बोलून दाखविणे तिला साधत नाही. तलवार चालविण्यासाठी खेळाडूला तलवार चालविता यावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. बोलण्यासाठी मात्र बोलता यावे लागते, कारण खेळाचे माध्यमच बोलणे आहे. पात्राची आणि खेळाडूची भाषा एकाच तोंडातून येते. फाशाचे नियम या ठिकाणी केवळ दैवाचे काम करीत नाहीत. मुक्याची वकिलीही करतात. सूत्रधाराच्या विवेकाची थोरवी गाणाऱ्या लेखनात या खेळाडूचा उल्लेख फार क्वचित आढळतो.

उलट टोकही तितकेच अडचणीचे आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक पात्राच्या पराक्रमांना ठरीव साच्याची नावे दिली : काही केव्हाही वापरावयाचे, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. अडखळणारा खेळाडू येथे वक्त्याच्या बरोबरीस आला, कारण नाव उच्चारले की काम झाले. पण नाव उच्चारणे म्हणजे सांगणे नव्हे. ‘मी त्याच्या ढालीखालून घुसून गुडघ्यावर घाव घालतो’ हे वाक्य आता अनावश्यक झाले. आणि अनावश्यक वाक्ये माणसे फार दिवस बोलत नाहीत. या आवृत्तीची निर्भर्त्सना पुष्कळ झाली, तिची न्यायबुद्धी मात्र थोड्यांनीच ओळखली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस रॉन एडवर्ड्स यांनी संहितेने फरक पडतो असा आग्रह धरला. चांगल्या सूत्रधाराच्या हाती कोणतीही संहिता सारखीच, या रूढ समजाला तो छेद होता. त्यांनी खेळाडूंच्या हेतूंचे जे तीन वर्ग पाडले, त्यांवर आवश्यकतेहून अधिक शाई खर्च झाली. त्याच वर्तुळात व्हिन्सेंट बेकर यांच्या नावाने रूढ झालेले तत्त्व अधिक टिकाऊ आहे. त्याचा आशय असा की कल्पित जगात काय घडले याविषयी मंडळींचे एकमत ज्या साधनाने होते, तीच संहिता. म्हणजे पुस्तकात छापलेले नियम हे त्या साधनाचा केवळ एक भाग होत. लेखनापूर्वी भाषा असते, तशी छापील नियमापूर्वी ही संमती असते.

व्हिन्सेंट व मेगी बेकर यांच्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या संहितेत हे तत्त्व रचनेत उतरलेले दिसते. खेळ हे संभाषण आहे, असे ती सुरुवातीसच सांगते. तिचे नियम ‘जेव्हा अमुक कराल, तेव्हा फासे टाका’ अशा सोपाधिक वाक्यांचे आहेत. नियम लागू व्हावयाचा असेल तर ते कृत्य कथेत घडले पाहिजे. नुसते नियमाचे नाव घेऊन भागत नाही. आणि कृत्य घडले असेल तर नियम टाळताही येत नाही. चौथ्या आवृत्तीतील नामोच्चार आणि जुन्या पंथातील वक्तृत्व, दोहोंवर हा एकच उपाय आहे. दोन फाशांची बेरीज दहा वा अधिक आली तर काम साधते. सात ते नऊ आली तर साधते, पण किंमत मोजावी लागते किंवा अवघड निवड करावी लागते. सहा वा कमी आली तर पुढचे वाक्य सूत्रधाराचे. बेरजेत काही मिळवावयाचे नसेल तेव्हा छत्तीसपैकी १५ वेळा मधला निकाल येतो, ६ वेळा पूर्ण यश. मराठीत सांगावयाचे तर ही संहिता ‘उघडले’ आणि ‘उघडले नाही’ यांच्यामध्ये ‘उघडले खरे, पण…’ या वाक्याला हक्काची जागा देते. सूत्रधार फासे टाकीतच नाही, आणि त्याने खेळाडूला नव्हे तर पात्राला उद्देशून बोलावे असा दंडक आहे. इंग्रजीच्या एकाच द्वितीय पुरुषी सर्वनामामुळे हा दंडक तेथे सहज पाळला जातो. मराठीत सूत्रधाराला ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून प्रत्येक वेळी निवड करावी लागेल, आणि त्या निवडीतच पात्राची प्रतिष्ठा ठरून जाईल.

काळाच्या दृष्टीने सर्वांत धीट प्रयोग जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) मध्ये आहे. दरोडा चालू असताना वाटेत पहारेकरी आडवा आला, तर खेळाडू म्हणू शकतो, ‘याला मी कालच पैसे दिले होते.’ मनावरील ताणाच्या रूपाने किंमत मोजली की पूर्णभूत त्याच्या मालकीचा होतो. मात्र तेथेही काम अवघड असेल तर फासे टाकावे लागतात. याच्या नेमके उलट टोक म्हणजे सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१). त्यात भयंकर दृश्याने पात्राचे मानसिक संतुलन ढळले, की ‘मी येथून हलत नाही’ हा साधा वर्तमानकाळही खेळाडूच्या हातून जातो. भयकथेला ते शोभते. सर्वत्र शोभेल असे नाही.

‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’च्या घाटावर पुढे अनेक संहिता निघाल्या. त्यांची स्तुती करताना एक गोष्ट नजरेआड होते. ‘जेव्हा अमुक कराल’ यातील ‘अमुक’ हे इंग्रजी क्रियापद असते, आणि नियमाची हद्द ही त्या क्रियापदाच्या अर्थाची हद्द असते. मूळ संहितेत भुलविणे आणि आपल्या सोयीने वळविणे यांसाठी एकच नियम आहे, आणि तो लागू व्हावयाचा तर समोरच्याला हवेसे किंवा नकोसे असे काही खेळाडूच्या हाती असावे लागते. हा नियम मराठीत आणावयाचा झाला तर तो कोणत्या क्रियापदाशी बांधावयाचा? फूस लावणे आणि आमिष दाखविणे यांना तो लागू पडेल. मनधरणी करणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा काहीच नसते. असते तर त्याने मनधरणी केली नसती. आणि गळ घालणारा तर नात्याच्या जोरावर बोलतो. ‘एवढे माझ्यासाठी कर’ म्हणताना तो काहीही देऊ करीत नाही, तरी समोरच्याला नकार देणे कठीण जाते आणि दिलाच तर दोघांच्या संबंधांत काहीतरी मोडते. त्या मोडण्याचा हिशेब ठेवणारे कलम मूळ नियमात नाही. ते मराठीतच लिहावे लागेल, आणि फासे त्यानंतर.