मराठी शुद्धलेखनाचे नियम : शिथिलीकरणाच्या निकषाची चिकित्सा

प्रस्तावना

लेखनाचे परंपरागत नियम शिथिल करावेत की नाही, हा वाद इंग्रजीइतकाच मराठीतही जुना आहे. इंग्रजीत नोहा वेबस्टर यांनी 1828 च्या कोशात अनेक शब्दांचे लेखन सुलभ केले व ते अमेरिकेत रूढ झाले. उलट 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईसाठी सुमारे तीनशे सुधारित शब्दांचा आदेश काढला, तो त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. मराठीत मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले 14 नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले. 1972 मध्ये त्यांत 4 नियमांची भर पडली. शिथिलीकरण कोणत्या निकषावर करावे, याचा विचार या नियमांच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

'शुद्ध' या संकल्पनेचा इतिहास

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढे शके 1506 मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. तेथे शुद्धी होती ती पाठाची. नकला करताना शिरलेले अपपाठ दूर करणे हा तिचा हेतू होता. व्यवहारातील मराठी शतकानुशतके मोडीत लिहिली गेली आणि मोडीत इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नसे. तरीही वतनाची कागदपत्रे, हिशेब व पत्रव्यवहार यांचा अर्थ लावण्यात अडचण आली नाही.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. मोल्सवर्थचा कोश (1831), दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण (1836) आणि 1842 मध्ये नगरहून सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'सारखी नियतकालिके यांमुळे बाळबोध छपाई स्थिरावली. छपाईला एकरूपता हवी होती व तीतूनच लेखनाच्या शुद्धाशुद्धतेची आजची कल्पना दृढ झाली.

1962 च्या नियमांतील विसंगती

या नियमांनी केलेले सर्वांत मोठे शिथिलीकरण म्हणजे अनुच्चारित अनुस्वारांचे उच्चाटन. 'तळें', 'नांव', 'कांहीं' यांवरील व्युत्पत्तिदर्शक बिंदू गेले. मात्र 'घरात' आणि 'घरांत' यांतील भेद राखला गेला, कारण तेथे बिंदूने अनेकवचनाचा अर्थ कळतो. 'कवि', 'गुरु' हे शब्दही मराठी उच्चारानुसार 'कवी', 'गुरू' असे दीर्घान्त झाले. उच्चार किंवा अर्थ यांचा आधार असलेले चिन्ह ठेवावे व केवळ व्युत्पत्तीसाठी उरलेले सोडावे, असे सूत्र यातून निष्पन्न होते.

उपान्त्य इकार-उकारांच्या बाबतीत हे सूत्र सुटले. 'फूल' दीर्घ, परंतु 'गुण' ह्रस्व. 'वकील' दीर्घ, परंतु 'मंदिर' ह्रस्व. 'गरीब'चे 'गरिबाला' होते, 'शरीर'चे मात्र 'शरीराला'च राहते. मराठी भाषकाच्या उच्चारात हा भेद सहसा ऐकू येत नाही. तो पाळण्यासाठी 'शरीर' संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि 'गरीब' अरबीतून आला, हे ठाऊक असावे लागते. म्हणजे मराठी लिहिण्यासाठी संस्कृतचे ज्ञान गृहीत धरले जाते. अकोले किंवा पाथर्डी तालुक्यातील, घरात शिक्षणाची पहिलीच पिढी असलेल्या विद्यार्थ्याला हे ज्ञान वारशाने मिळत नाही. उत्तरपत्रिकेत त्याचे गुण कमी होतात, तेव्हा त्याच्या भाषाज्ञानापेक्षा त्याच्या पार्श्वभूमीचेच मोजमाप होते.

आक्षेपांचा विचार

तत्सम शब्दांचे मूळ रूप बदलल्यास अन्य भारतीय भाषांशी असलेला दुवा तुटेल, हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु 'कवी' दीर्घ केल्याने तो दुवा तुटलेला नाही. दुसरा आक्षेप अर्थभेदाचा आहे. 'दिन' व 'दीन', 'सुत' व 'सूत' अशा जोड्यांत भेद राखलाच पाहिजे; तथापि अशा जोड्या मोजक्या आहेत व त्या शिकवता येतात. तिसरा आक्षेप असा की, एक सवलत दिली की सारेच नियम ढासळतील. 'पाणी' व 'पानी' यांतील भेद प्रमाण उच्चारात स्पष्ट आहे. त्यामुळे तो येथील सूत्रानुसारही प्रमाणलेखनात कायम राहतो. बोलीतील 'पानी'ला कथा-कादंबरीतील संवादांत पात्राच्या उच्चारानुसार लिहिण्याची मुभा प्रचलित नियमांतच आहे.

निष्कर्ष

नियमांचा सरसकट त्याग हा या प्रश्नावरील उपाय नव्हे. तत्सम शब्दांतील उपान्त्य इकार-उकारांसाठी ह्रस्व व दीर्घ ही दोन्ही रूपे वैकल्पिक मानावीत, अर्थभेदाच्या जोड्या अपवाद म्हणून शिकवाव्यात आणि परीक्षेत अशा विकल्पासाठी गुण कापू नयेत, एवढे शिथिलीकरण 1962 च्याच सूत्राशी सुसंगत ठरेल. रूझवेल्ट यांचा आदेश टिकला नाही, वेबस्टर यांचा कोश टिकला. म्हणून या बदलाचा आरंभही शासननिर्णयाआधी कोश, पाठ्यपुस्तके व उत्तरपत्रिकांच्या तपासणीची पद्धत यांतून होणे इष्ट आहे.