नुसते कंपाइल करून भागत नाही

लिनक्सवरची आज्ञावली हातात मावणाऱ्या संगणकावर कशी न्यावी, हे नवशिक्यांना सांगणारे लेखन २००० नंतरच्या काही वर्षांत पुष्कळ झाले. कॉम्पॅकचा आयपॅक आणि २००२ साली आलेला शार्पचा झॉरस ५५०० ही त्यातली लाडकी यंत्रे. दोहोंत २०६ मेगाहर्ट्‌झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता. (बंगळूरच्या सिंप्यूटरमध्येही स्ट्राँगआर्मच होता.) या लेखनाचा साचा ठरलेला असे: क्रॉस कंपायलर, म्हणजे पीसीवर बसून आर्मची यंत्रभाषा तयार करणारा कंपायलर, मिळवा, मूळ आज्ञावली उतरवून घ्या, दोन-तीन आज्ञा द्या, झाले. आमचा आक्षेप या 'झाले'ला आहे.

सी भाषेच्या वर्गात हमखास दिसणारी एक रचना पाहू. एकेक अक्षर वाचून ते 'कॅरेक्टर' प्रकारच्या चलात ठेवायचे आणि मजकूर संपल्याची खूण, म्हणजे -१, मिळेपर्यंत फेरे चालू ठेवायचे. इंटेलच्या पीसीवर साध्या मजकुरासाठी हे चालते, कारण तिथे या एका बाइटच्या चलात -१२८ ते १२७ या संख्या मावतात. आर्मवरील लिनक्समध्ये तोच चल ० ते २५५ असा धरला जातो. त्यात -१ ठेवायला जावे तर २५५ होतात. २५५ आणि -१ कधीच समान ठरत नाहीत आणि आज्ञावली फिरत राहते. यात कंपायलरचा दोष नाही. हा प्रकार सचिन्ह धरावा की अचिन्ह, हे १९८९च्या मानकाने कंपायलर करणाऱ्यावरच सोपवले आहे. चूक मूळ रचनेत होती आणि पीसीवर ती झाकली गेली होती. तीही पुरती नाही: वाचताना २५५ किमतीचा बाइट आला, तर पीसीवर वाचन मध्येच थांबते!

दुसरी अडचण अपूर्णांकांची. स्ट्राँगआर्ममध्ये त्यांच्या गणितासाठी वेगळे मंडल नव्हते. ते काम आज्ञावलीकडून करून घ्यावे लागे आणि गती फारच मंदावे. म्हणून एमपी-३ संगीतासाठी अशा यंत्रांवर 'मॅड' हे आज्ञासंच उपयोगी पडले. त्यात सारे गणित पूर्णांकांत मांडलेले आहे. अशी पुनर्मांडणी कंपायलर आपणहून करत नाही. तिथे माणसालाच गणित करावे लागते. मार्गदर्शिकांत याला फार तर एखादी ओळ मिळे. पडद्याची गोष्टही तीच. २४० बाय ३२० ठिपक्यांत मोठ्या पडद्यासाठी आखलेली खिडकी उघडली, की 'ठीक' म्हणायचे बटणच बाहेर राही.

एक गोष्ट मात्र या लेखनाने नीट समजावली, हे मान्य करायला हवे. आज्ञावली बांधण्यापूर्वी 'कॉन्फिगर' ही पटकथा छोट्या चाचण्या चालवून यंत्राची माहिती काढते. पण आर्मसाठी बनलेली चाचणी पीसीवर चालणार कशी? तेव्हा ती उत्तरे आपणच पुरवायची.

ज्या शाळेत रास्पबेरी पाय आहे, तिथे हा आर्मचा धडा आजही घेता येईल. वरची रचना विद्यार्थ्यांकडून पीसीवर आणि पायवर, दोन्हीकडे कंपाइल करून घ्यावी. पायवर ती थांबणार नाही. मग चलाचा प्रकार पूर्णांक करावा, दोन्हीकडे थांबेल.