बाखनंतरची ७९ वर्षे

पाश्चात्त्य अभिजात संगीताचे सामान्य वाचकांसाठी लिहिलेले जे इतिहास आमच्या पाहण्यात आले, त्यांपैकी बहुतेकांत एक कथा हटकून येते. योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये लाइप्झिग येथे निवर्तला. जग त्यास विसरले. पुढे ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या मेंडेल्सोनने बर्लिनमध्ये त्याचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केले आणि बाख पुन्हा प्रकट झाला. कथा चटकदार आहे. तारखाही बरोबर आहेत. आमची तक्रार आहे ती मधल्या ७९ वर्षांच्या कोऱ्या पानाविषयी.

चर्चसाठी रचलेल्या बाखच्या मोठ्या गानकृती बव्हंशी कपाटात पडून राहिल्या, हे आम्हांस मान्य आहे. लोकांची अभिरुचीच पालटली होती. परंतु ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’चे काय? १७२२ मधील त्याच्या पहिल्या भागात बारा स्वरांपैकी प्रत्येकास आधारस्वर मानून मेजर व मायनर अशा एकूण २४ जोड्या रचिल्या आहेत, आणि त्या शिकू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी आहेत, असे बाखने मुखपृष्ठावरच नमूद केले आहे. हा ग्रंथ १८०१ पर्यंत समग्र छापला गेला नाही. तोवर तो शिष्यांनी गुरूच्या प्रतीवरून हाताने उतरून घेतला. बॉन येथील नेफे नावाच्या शिक्षकाने १७८३ मध्येच छापून कळविले होते, की आपला एक बालशिष्य यांतील बहुतेक रचना वाजवितो. तो बालशिष्य म्हणजे बीथोव्हेन! मोझार्टने १७८९ मध्ये लाइप्झिगला बाखचे एक समूहगान ऐकले, ते गाणाऱ्या मुलांना शिकविणारा डोलेस हा बाखचाच शिष्य होता. खुद्द मेंडेल्सोनचा गुरू झेल्टर हा बर्लिनच्या गायकवृंदाकडून बाखच्या रचना कित्येक वर्षे घोटून घेत होता. घराणे म्हणजे काय हे ज्यांस समजावून द्यावे लागत नाही, त्या आमच्या वाचकांस यातील मर्म चटकन उमगेल. बाखला विसरला तो श्रोतृवर्ग. शिक्षक विसरले नव्हते.

आणि बाख तरी कोण होता? १७२३ पासून अखेरपर्यंत तो लाइप्झिगच्या सेंट थॉमस शाळेत नोकरीस होता. ती जागाही टेलेमानने नाकारल्यावर व ग्राउप्नरला त्याच्या धन्याने न सोडल्यावर त्याच्याकडे आली. लॅटिनचे तास नकोत म्हणून पदरचे पैसे मोजून ते त्याने सहकाऱ्याच्या गळ्यात घातले. (हा प्रघात आमच्याही परिचयाचा आहे.) १७३० मध्ये त्याने नगरसभेस एक अर्ज केला. त्यात विद्यार्थ्यांची नावनिशीवार वर्गवारी आहे: कामाचे १७, अद्याप कच्चे २०, आणि अगदीच निरुपयोगी १७. एवढ्यावर त्याने रविवारची उपासना साजरी करावयाची! शाळेत जन्म घालविलेल्या आम्हां मंडळींस ही यादी वाचून प्रथम हसू येते. मग येत नाही. ‘पॅशन’ त्याने असल्याच मुलांकडून गाऊन घेतले होते.

या अर्जाची वासलात सामान्य इतिहासांत अर्ध्या ओळीत लागते, मेंडेल्सोनला मात्र दोन पाने मिळतात. आमच्या मते नव्या वाचकास बाखची ओळख करून द्यावयाची, तर आरंभ त्या ५४ मुलांच्या यादीपासून करावा.