साफ केलेलं नाणं

गेली तीन वर्षं मी झोपण्याआधी नाण्यांच्या लिलावांचे कॅटलॉग वाचतो. विकत फारसं काही घेत नाही. म्हणजे दोनदा घेतलं, आणि दोन्ही वेळा हातोडा पडल्यावर वरून बायर्स प्रीमियम आणि जीएसटी भरताना अक्कल आली. पण वाचायचं सुटत नाही. दोनशे पानांची पीडीएफ, पानावर पाच-सहा नाणी, प्रत्येकाखाली चार ओळी. राजा, टांकसाळ, धातू, दोन दशांशांपर्यंत वजन, पुढच्या बाजूला काय, मागच्या बाजूला काय, अवस्था, अंदाजे किंमत. याला कुणी साहित्य म्हणणार नाही. पण ज्या लेखनातल्या एका विशेषणावर वाचक हजारो रुपये जास्त मोजायला तयार होतो, त्याची समीक्षा व्हायला काय हरकत आहे?

या लेखनात क्रियापदं जवळपास नसतात. कुणी काही करत नाही. नाणं पाडणारा, वापरणारा, पुरून ठेवणारा, सापडवणारा माणूस वाक्यातून गायब असतो. विशेषणं मात्र पायऱ्यापायऱ्यांनी चढतात: अपुरं, दुर्मीळ, अतिदुर्मीळ, अत्यंत दुर्मीळ. तीन वर्षं वाचल्यावर कळतं की नुसतं ‘दुर्मीळ’ म्हणजे पुढच्या महिन्यात परत येईल. महत्त्वाचा शब्द शेवटी असतो, अवस्थेच्या रकान्यात. तिथे दोषांची यादी येते. भोक आहे. कडी काढल्याची खूण आहे. सराफाचे ठसे आहेत. साफ केलेलं आहे.

माझं भांडण या रकान्याशी आहे.

आता तो रकाना आकड्याने भरतात, १ ते ७०. या मापपट्टीला शेल्डन स्केल म्हणतात. विल्यम शेल्डन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. जिममधल्या पोरांच्या तोंडी असणारे एंडोमॉर्फ, मेसोमॉर्फ, एक्टोमॉर्फ हे शब्द याचेच. माणसाच्या शरीराला तो तीन आकडे द्यायचा, प्रत्येक १ ते ७ मधला, आणि त्यावरून स्वभाव सांगायचा. नाण्यांचा त्याला भारी नाद. जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटांवर त्याने १९४९ साली पुस्तक लिहिलं आणि त्यात ही पट्टी मांडली. त्यामागचं गणित साधं होतं. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरली, तर टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं निर्दोष नाणं सत्तर पट. म्हणजे तो आकडा मुळात दर्जाचा नव्हता, भावाचा होता. भाव पुढे भलतीकडे पळाले, गणित कोसळलं, आकडा मात्र राहिला. १९८०च्या दशकात अमेरिकेत नाण्यांना प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून वर आकडा छापून देणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि आज मुंबईच्या लिलावातला रुपयासुद्धा त्या डबीत बसून येतो. आमच्याकडे याला लेगसी कोड म्हणतात. का लिहिलं होतं ते कुणाला आठवत नाही, पण काढलं तर सगळं बंद पडेल.

शेल्डनबद्दल आणखी एक गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर उघड झाली. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्याने त्या जागी आपल्याकडचे हलके सेंट ठेवले होते. प्रकरण कोर्टात गेलं. ज्याची पट्टी जग वापरतं, त्यानेच अदलाबदल केली, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही कारण सेंट शेवटी सेंटच होता. मला यात गंमत वाटते, पण नुसती गंमत नाही. त्याच्या पट्टीत नाण्याला गतायुष्य नाहीच. टांकसाळीपासून नाणं किती दूर आलं, एवढंच ती मोजते. ७० म्हणजे ज्याच्यावर काहीच घडलं नाही ते.

मग जोगलटेंभीच्या नाण्यांना काय आकडा देणार? नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा ठेवा सापडला. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नवी नाणी पाडली नाहीत, जिंकलेल्या राजाच्या तोंडावरच आपलं चिन्ह उमटवलं. कित्येकांवर खालचं नाक, कान, ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून दिसतात. अवस्थेच्या रकान्याच्या भाषेत बोलायचं तर सातकर्णीने नऊ हजार नाणी खराब केली. आणि त्या खराबीमुळेच कोणी कोणाला हरवलं, याचा असा पुरावा हातात आला जो एका सुट्या नाण्याने कधीच दिला नसता. किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती कोरी राहिली, हे प्रमाण मोजता आलं, कारण ठेवा एकत्र मोजला गेला.

आज असा ठेवा निघाला तर? १८७८चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा म्हणतो, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा. कॅटलॉगमध्ये मात्र नाणं कुठल्या गावात, कशाबरोबर सापडलं हे मी क्वचितच वाचलंय. ‘एका जुन्या खाजगी संग्रहातून’ एवढं असतं. त्या वाक्यातही क्रियापद नाही.

कॅटलॉगची दुसरी बाजूही सांगायला हवी. मी शिवराईबद्दल जे शिकलो ते तिथेच. तांब्याचं, दहा-बारा ग्रॅमचं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराजांच्या नंतरही, पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या. ठसे हाताने कोरायचे, त्यामुळे कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’, कुठे वेलांटी उलटी. प्रत्येक प्रकार दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढून, वजन करून फुकट बघायला मिळतो. आणि चुकलेल्या वेलांटीला जास्त भाव मिळतो, हे बघून माझ्यासारख्या माणसाला हेवा वाटतो. माझा स्पेलिंगचा बग प्रॉडक्शनला गेला तर कुणी लिलाव करत नाही.

आणि बनावट शिवराया इतक्या फिरतात, की कुणीतरी तिऱ्हाईताने आकडा छापून द्यावा ही पुण्यात बसून नाशिकचं नाणं फोनवर घेणाऱ्याची गरज खरी आहे. साफ केलेल्या नाण्याला कमी लेखण्यातही तथ्य आहे. घासल्याने वरचा जुना थर जातो, आणि त्या थरात नाण्याचं वय असतं.

हे मला पटतं. तरीही ते मी एका विशिष्ट नाण्याला लावू शकत नाही.

आमच्या देव्हाऱ्यात एक शिवराई आहे. आजीच्या सासूकडून आलेली. लक्ष्मीपूजनाला ती विड्याच्या पानावर सुपारीशेजारी बसते. आजी दर दिवाळीला ती चिंच आणि राख लावून घासायची, लख्ख गुलाबी करायची, मग हळद-कुंकू. अशा किती दिवाळ्या झाल्या असतील कुणास ठाऊक. ‘छत्रपति’मधला ‘छ’ आता बोटालाच कळतो, डोळ्याला नाही. गेल्या वर्षी आजी गेल्यावर मामा म्हणाले, बघ रे, तुला कळतं त्यातलं, काही किंमत आहे का. मी फोटो काढून एका लिलावगृहाला पाठवले. दोन दिवसांनी नम्र उत्तर आलं. नाणं अस्सल वाटतं, पण तीव्रपणे साफ केलेलं आणि झिजलेलं आहे, पृष्ठभागावर बाहेरचा पदार्थ आहे, लिलावासाठी योग्य नाही. किरकोळ बाजारात काही शे रुपये.

बाहेरचा पदार्थ म्हणजे कुंकू.

त्यांचं काही चुकलं नाही. मी विचारलं किंमत, त्यांनी सांगितली किंमत. मला लागलं ते हे की उत्तर वाचताना पहिल्या सेकंदाला मी आजीवर चिडलो. घासलं नसतं तर! तीन वर्षांच्या वाचनाने माझी नजर त्या रकान्याची झाली होती. बायकांनी पुतळ्यांच्या माळेसाठी भोक पाडलेल्या, कडी लावलेल्या सोन्याच्या नाण्यांकडेही मी तसंच बघायला लागलो होतो, की अरेरे, नाणं वाया गेलं. ते गळ्यात घातलं म्हणून वितळवलं गेलं नसेल, हे सुचलंच नाही.

कॅटलॉगकडून माझी अपेक्षा फार नाही. अवस्थेचा रकाना राहू दे, आकडाही राहू दे. शेजारी आणखी एक रकाना हवा, ज्यात वाक्यं असतील आणि वाक्यांना कर्ता असेल. सराफाने चांदी खरी आहे का बघायला ठसा मारला. कुणीतरी मुलीच्या लग्नात कडी लावली. अमुक गावच्या शेतात, मडक्यात, इतक्या नाण्यांबरोबर निघालं. खरेदीदाराला हे नको असेल असं म्हणतात. मला वाटतं कुणी विचारलेलंच नाही.

परवा मी आमच्या शिवराईची नोंद स्वतः लिहून बघितली. सोनाराकडे वजन केलं, ९.१४ ग्रॅम. म्हणजे ग्रॅम-दोन ग्रॅम तांबं आमच्याच घरातल्या चिंचेच्या पाण्यातून मोरीत गेलं असावं. पुढची बाजू: ‘श्री’ अर्धा, ‘राजा’ स्पष्ट. मागची बाजू: अंगठ्याने झिजलेली. अवस्थेपाशी अडलो. ‘साफ केलेलं’ लिहिलं, खोडलं, ‘आजीने साफ केलेलं’ लिहिलं, मग फाइल बंद केली.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. आता ते काम आईकडे आलंय, आणि तिने फोनवर विचारलं की नाण्याला चिंच लावू ना, का तुझं काही वेगळं आहे. बघून सांगतो म्हणालो. अजून सांगितलेलं नाही.